घोडीला नवा अ‍ॅक्सल

मिस्त्रीने मागच्या चाकाचा शेवटचा नट आवळला, पाना फडक्याला पुसला आणि जॅक खाली सोडला. बागेत फिरवायची ती एटीव्ही, मोटरसायकलसारखं हँडल असलेली चारचाकी, हलकेच कुरकुरत चारही चाकांवर बसली.

"घ्या. नवा अ‍ॅक्सल, नवी बेअरिंगं, नवी सीलं. ग्रीस भरलंय, चेन ताणून दिलीये. आता ही तुमची घोडी लोळायची म्हणाली तरी लोळायची नाही."

लोळण्याचा विषय निघाला तसा थोरल्या भावाने एका कोपऱ्यातला रिकामा डबा उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. मागच्या महिन्यात बागेच्या चढावर घोडी त्याच्यासकट उलटली होती. अ‍ॅक्सल वाकला, थोरला खरचटण्यावर सुटला. तेव्हापासून ती शेडमध्ये पडून होती आणि पार्ट मिळत नाहीत असं थोरला सगळ्यांना सांगत होता. शेवटी धाकट्यानेच ते मिळवले. वर शहाणपणाही केला: नेहमीपेक्षा लांब अ‍ॅक्सल मागवला. चाकं फाकली की तोल जात नाही. सल्ला काही चुकीचा नव्हता. धाकट्याचे सल्ले चुकीचे नसतातच, ते फक्त दुसऱ्याने पार पाडायचे असतात.

तो आता शेडच्या दाराबाहेर फोन उगारून उभा होता. "चल दादा, त्याच चढावर. व्हिडिओ काढतो. लोकांची तोंडं तरी बंद होतील."

"कुठल्या लोकांची?" थोरल्याची बायको चहा घेऊन आली होती.

"सगळेच म्हणतायत वहिनी, दादाने धसका घेतलाय."

"सगळे म्हणजे तुम्हीच ना, भावजी?"

सकाळपासून थोरल्याने अन्नाला हात लावला नव्हता; पित्त झालंय म्हणाला होता. त्याने हेल्मेट चढवलं. हनुवटीखालचा पट्टा पहिल्यांदा लागला नाही, दुसऱ्यांदाही नाही. बायकोने मुद्दाम चहाकडे बघितलं.

"बस ना वर," धाकटा म्हणाला.

"आतून ढकलूनच काढू. धूर कशाला करायचा शेडमध्ये."

मिस्त्रीने मागून रेटा दिला. थोरल्याने हँडल धरलं. पुढची चाकं उंबरठा ओलांडून ऐटीत बाहेर गेली. मागची चौकटीला टेकली. डावं डावीकडे, उजवं उजवीकडे, अगदी शिस्तीत. धाकट्याने फोन खिशात घालून बाहेरून ओढून पाहिलं. जरा तिरकी करून पाहिली. घोडी हलेना.

"दाराचं माप कोणी घेतलं होतं?" धाकट्याने विचारलं.

"अ‍ॅक्सल कोणी आणला होता?" मिस्त्रीने विचारलं.

धाकट्याचं यंत्रज्ञान फोनपाशी सुरू होऊन फोनपाशीच संपायचं. तो चौकटीकडे असा बघत राहिला, जणू ती रात्रीतून आकसली असावी. मिस्त्री हसला. "अहो, त्यात काय, नुसती मागची चाकं काढ..."

"मिस्त्री, चहा," थोरल्याची बायको म्हणाली.

मिस्त्रीने कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग थोरल्याकडे. हेल्मेटच्या काचेआडून दिसत होता तेवढ्या तोंडावर हळूहळू रंग परतत होता. मिस्त्रीने कप घेतला आणि चहाबरोबर उरलेलं वाक्यही गिळून टाकलं.

"मग आता?" धाकटा.

"आता चौकट फोडायला हवी," मिस्त्री म्हणाला. "गवंडी बघा एखादा."

"म्हणजे आठवडा गेला."

"जाऊ दे रे," थोरला म्हणाला. "चुकतं माणसाचं. मनाला लावून घेऊ नकोस." इतक्या मोठ्या मनाने त्याने धाकट्याला आयुष्यात कधी माफ केलं नव्हतं.

तिघांनी मिळून घोडी परत आत ओढली. धाकटा गवंड्याला फोन लावत निघून गेला. मिस्त्रीने पाने पिशवीत भरले. चाकाचा पाना तेवढा, न विचारता, खिडकीत ठेवून गेला.

थोरल्याने हेल्मेट काढलं. पट्टा एका झटक्यात सुटला. "काही खायला आहे का गं?"

"पित्त गेलं वाटतं."

तिने ताट आणलं. तो तिथेच उलट्या डब्यावर बसून जेवला, आणि मागून घेऊन जेवला. शेवटचे घास उरले तेव्हा ताटाकडे बघतच म्हणाला, "चाकं काढली की निघते ती."

"माहितीये."

"तुला कसं?"

"पंक्चरच्या वेळी टॉर्च कोण धरतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

तो बराच वेळ चावत राहिला. तोंडात काही नव्हतं.

"परवा काढू," तो म्हणाला. "धाकटा गावाला गेला की. आधी इथेच अंगणात फिरवून बघतो. चढाचं मग बघू."

"बघा."

त्याने हात धुतले, पँटला पुसले. घोडीभोवती एक फेरी मारली. मागच्या चाकावर तळवा ठेवून रेटून पाहिलं. नवा अ‍ॅक्सल जागचा हलला नाही. मग एक पाय टाकून तो सीटवर बसला. इंजिन बंद, समोर अरुंद दार आणि दारापलीकडे ऊन. दोन्ही मुठी त्याने हँडलवर ठेवल्या. घट्ट धरल्या, मग जरा सैल सोडल्या.

बायकोने ताट खाली ठेवलं, पदर कमरेला खोचला आणि त्याच्या खांद्याचा आधार घेऊन मागे बसली.

"सावकाश चालवा," ती म्हणाली.