दाराबाहेरची साद

जनावरांच्या दवाखान्यातून कबरी घरी आली, तेव्हा तिची सख्खी बहीण काळी तिच्यावर फिस्कारली.

डॉक्टर फोनवर हसले. “औषधांचा वास येतोय तिच्या अंगाला. तो गेला की पुन्हा गळ्यात गळे घालतील.”

वास गेला. काळी मात्र कबरीकडे फिरकेना. दाराच्या फटीला नाक लावून ती मऊ आवाजात साद घालत बसायची. त्या आवाजात ती फक्त बहिणीलाच बोलवायची.

“अगं वेडे, बाहेर कुणाला हाका मारतेस? ही काय तुझी बहीण, माझ्या मांडीवर,” काज-बटणं करता करता शिंपीणमावशी म्हणाली.

खाटेवरून नवरा म्हणाला, “तिला तिची आधीचीच कबरी हवी असेल.”

मावशीची सुई थांबली. तोही मोठ्या दुखण्यातून उठून हॉस्पिटलमधून घरी आला होता. चेहरा तोच, हात तेच, चहाही तसाच फुंकून प्यायचा. तरी त्याच्या शेजारी बसून तिला त्याचीच आठवण यायची. हे सांगायचं तरी कुणाला?

तेवढ्यात दारावर, अगदी खाली, नखं घासल्याचा आवाज आला. काळी शेपटी उभारून घुरघुरू लागली. मांडीवरची कबरी ताठरली.

“उघडू नकोस,” नवरा हळूच म्हणाला.

मावशी कबरीला खाली ठेवून दारापाशी पोचलीसुद्धा होती. बाहेर कुणीतरी पायपुसण्यावर चपला घासत होतं. मग हाक आली. दुखण्याआधी नवरा मारायचा तशी, लाडात ओढलेली.

“अगं ए राणी, उघड ना. किती वाट बघायला लावतेस?”

मागे वळून न बघता मावशीने कडी काढली.