पहिल्या बाकावरची साक्ष

फळ्यावर लढाईचा नकाशा काढता काढता इतिहासाच्या नव्या मॅडमच्या पाठीत डस्टर येऊन बसला. त्या वळल्या, तर अख्खा वर्ग आपण त्या गावचेच नाही अशा थाटात पुस्तकात डोकं खुपसून बसलेला.

“कोणी मारला?”

“आम्ही काही पाहिलंच नाही, मॅडम.”

पाठीवरची खडूची भुकटी झटकून त्यांनी लढाई पुढे चालू केली. ना आवाज चढवला, ना कोणाला बोट लावलं.

दुसऱ्या दिवशी त्याच तासाला मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले. “काल मॅडमनी एका मुलाच्या थोबाडीत मारली म्हणे. कोणी कोणी पाहिलं?”

एकजात सगळे हात वर गेले.

“तास संपला की ऑफिसात या,” एवढंच मॅडमना सांगून ते निघून गेले.

मॅडम पहिल्या बाकाशी आल्या. तिथल्या मुलीचा हात अजून पुरता खालीही आला नव्हता.

“तू तर काल शाळेतच आली नव्हतीस. मग पाहिलंस कुठून?”

मुलीने सावकाश पुस्तकाचं पान उलटलं.

“तुम्ही तरी कुठे होतात त्या लढाईत, मॅडम? सांगताच ना रोज.”