उद्घाटन उत्साहात संपन्न

संगणक कक्षाची चावी काही केल्या सापडत नव्हती. सापडणार कुठून? ती कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष बापूराव यांच्याच खिशात होती. पण वर्ध्याहून तपासणीला आलेल्या साहेबांना त्यांनी हसत हसत सांगितलं, की चावी ऑफिसातल्या बाबूकडं राहिली आणि बाबू लग्नाला नागपूरला गेला. मग टेबलाच्या काचेखालचं कात्रण काढून त्यांनी साहेबांपुढं सरकवलं. ‘सेलू येथे संगणक कक्षाचे उद्घाटन उत्साहात संपन्न.’

बाजूला गजेंद्रसर उभे होते. ती बातमी त्यांनीच लिहिली होती.

सर अकरावी-बारावीच्या पोरांना प्रसारमाध्यमं शिकवायचे आणि वर नागपूरच्या एका पेपरचे सेलूचे वार्ताहरही होते. तालुक्याच्या वार्ताहराची रीत ठरलेली. कार्यक्रम संध्याकाळी असला, तरी बातमीचं पाकीट दुपारच्या एसटीनं कंडक्टरच्या हाती गेलंच पाहिजे. नाही तर उद्याच्या पेपरात जागा नाही. म्हणून सगळेच ‘संपन्न झाला’ असं आधीच लिहून मोकळे व्हायचे. त्या दिवशीही सरांनी पाहुणे, फीत, टाळ्या असं सगळं लिहून पाकीट धाडलं. आणि संध्याकाळी ना पाहुणे आले, ना कॉम्प्युटर. त्या खोलीत आजही चार मोकळी टेबलं तेवढी उभी होती. सर तेव्हा खुलासा छापायला निघालेही होते, पण बापूरावांनी खांद्यावर हात ठेवला. राहू द्या मास्तर, म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता तेच प्रकरण सरांच्या गळ्याशी आलं होतं. संगणक कक्ष असेल तरच विषयाला कायम मान्यता, आणि विषय कायम झाला तरच सर कायम. सात वर्षं दर जूनमध्ये नव्यानं अर्ज करून माणूस विटला होता हो. आज आपलं घोडं गंगेत न्हाणार, असं बायकोला, सपनाला, सकाळीच सांगून ते निघाले होते. खरं बोलावं तर नोकरी जाते. गप्प बसावं तर आपणच आपल्या मनातून उतरतो. इकडे आड, तिकडे विहीर. सरांनी विहीर पसंत केली, म्हणजे ते गप्प राहिले.

साहेब मात्र कच्चे नव्हते. म्हणाले, चला, पोरांनाच विचारू.

बारावीचा वर्ग उठून उभा राहिला. या वर्गावर सरांचा भारी जीव. बातमी खरी कशावरून, असं त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, तेव्हा सगळा वर्ग एका सुरात म्हणाला होता, पेपरात आलं म्हणजे खरंच असन. सरांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि खडूनं आडवं खोडलं. खाली लिहिलं, ‘लिहिणारा तिथं होता का?’ वर्षभर दुसरं काही शिकवलंच नाही म्हणा ना. जागृती नावाच्या मुलीनं एकदा ग्रामसभेची बातमी घरी बसूनच लिहून आणली. सरांनी ती भित्तिपत्रकावरून उतरवली आणि तिला परत गावात पाठवलं. पोरगी रडली, पण गेली. चार जणांना विचारून नवी बातमी घेऊन आली.

साहेबांनी नेमकं जागृतीलाच उठवलं. कात्रण तिच्या हातात दिलं.

"सांग बेटा, हे उद्घाटन झालं का?"

जागृतीनं कात्रण वाचलं. त्या कुलूपबंद खोलीवरूनच ती रोज वर्गात यायची. बातमी कोणाची, हेही तिला ठाऊक होतं. सेलूत त्या पेपरचा दुसरा वार्ताहर होताच कुठं? तिनं दारात उभ्या बापूरावांकडं पाहिलं, मग सरांकडं. सरांनी मान खाली घातली. तिला काय समजायचं ते समजलं.

"झालं असन ना, साहेब," ती हळूच म्हणाली. "पेपरात आलं म्हणजे खरंच असन."

बापूराव खुलले. साहेबांनी वहीत दोन ओळी लिहून पेनाला टोपण लावलं. सुटलो, असं सरांच्या मनात आलं, आणि लगेच स्वतःची एवढी लाज वाटली की कान तापले. पोरीनं वर्षभराचं शिकलेलं आपल्यासाठी एका वाक्यात पुसून टाकलं होतं. ती अजून खाली बसली नव्हती. डोळ्यांत पाणी घेऊन तशीच उभी होती.

"चुकलं, जागृती," सर म्हणाले. "पहिला प्रश्न कोणता शिकवला होता मी? तो विचार."

बापूराव जोरात खाकरले. जागृतीनं ओढणीनं डोळे पुसले.

"सर, लिहिणारा तिथं होता का?"

सर साहेबांकडं वळले.

"लिहिणारा मी, साहेब. दुपारीच लिहून बसलो. अन् ते उद्घाटन आजवर झालं नाई."