सहापैकी सहा

विमा कंपनीचा तपासनीस आला तेव्हा मास्तर खुर्चीत ताठ बसले होते. दाढी गुळगुळीत, भांग सरळ, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"वा! काका एकदम टकाटक आहेत की," तपासनीस म्हणाला आणि त्याने फॉर्मवर पहिली खूण केली.

शेजारी उभ्या काकूंनी ती खूण पाहिली. मास्तरांना एवढं तयार करायला त्यांना सकाळचे अडीच तास लागले होते. नवऱ्याला मळक्या कपड्यांत परक्यापुढे बसवायचं नाही, ही त्यांची जन्माची खोड. आपल्याच हातांनी पायावर धोंडा पाडून घेतला, हे आत्ता त्यांच्या ध्यानात आलं.

फॉर्मवर सहा कामं होती: आंघोळ, कपडे, जेवण, संडास, उठणं-बसणं, चालणं. त्यांतली तीन जमत नसतील, तरच घरी मदतनीस ठेवायचा खर्च कंपनी देणार होती. बावीस वर्षांत एक हप्ता चुकला नव्हता. काकूंची सगळी भिस्त त्यावरच. मास्तरांना उचलणं आता त्यांच्या आवाक्यात राहिलं नव्हतं.

"काका, आंघोळ स्वतः करता?"

"मग काय शेजारी येऊन घालतात?" मास्तर गरजले.

"साहेब, दोन वर्षं झाली, मीच..."

"काकू, त्यांना बोलू द्या ना. काका, उभे राहा."

मास्तर ताडकन उभे राहिले. छाती पुढे, नजर समोर.

"हात वर."

दोन्ही दंड कानांना टेकले. चौतीस वर्षं शाळेच्या मैदानावर कवायत घेतलेला माणूस! हुकूम कानावर पडला की अंग आपोआप हलायचं. हुकूम नसला की तेच मास्तर संडासाच्या दारात उभे राहायचे आणि इथं कशाला आलो तेच विसरायचे. मग पुढचं निस्तरायचं काकूंनी.

"अहो, तुम्ही हुकूम सोडताय म्हणून उठले ते!" काकू तडकल्या. "तासभर काही न बोलता बसून बघा इथं. मग कळेल."

"मला अजून चार घरं करायचीत, काकू." त्याने भराभर खुणा केल्या. "सहापैकी सहा. आता सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करा. खरं तर तुम्हाला आनंद व्हायला हवा."

आनंद! काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस स्वच्छ ठेवला, त्याची ही शिक्षा. घाणीत लोळत ठेवला असता, तर यांच्या कागदाला पटला असता.

मास्तर अजून उभेच होते. कित्येक दिवसांनी कवायत झाली होती, चेहरा नुसता फुलला होता. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि आवाज लावला, "सगळे! हात वर!"

तपासनीसाने हसत दोन्ही हात वर केले, फॉर्मसकट. काकूंनी डावा वर केला. उजवा कमरेपासून वीतभर उठला, थरथरला आणि खाली पडला.

"एकच?" मास्तर ओरडले. "दुसरा हात कुठाय?"

"तुमच्या आंघोळीत गेला," काकू म्हणाल्या. बघत मात्र त्या तपासनीसाकडे होत्या.