भागिरथीसाठी गणितं

"चारी लावून टाक," रंभाजी म्हणाले. "तीनच कशाला चालिवतीस?"

भागिरथीने माऊसवरचा हात काढला नाही. "चारी लावले की तापतो. तापला की आपोआप हळू होतो. काल बघितलंत ना?"

रंभाजींनी कॅबिनेटवर तळहात ठेवला. नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर आयुष्य काढलेला माणूस. यंत्र कण्हतंय की गुणगुणतंय, हे त्यांच्या हाताला कळायचं. आत्ता ते कण्हत होतं. पण कंप्युटरच्या पोटात गणितं करणारे चार कामगार असताना त्यातल्या एकाला बसवून ठेवायचं, हे काही त्यांना पटेना.

"फुकट बसून ऱ्हातो की त्यो."

"बसत नाही. बाकीच्या तिघांना माल आणून देतो. तुमच्या खात्यात हेल्पर नव्हता का?"

"व्हता की. भागवत." रंभाजींना हसू आलं. भागवत रजेवर गेला की लेथवरचे सगळे टर्नर हातावर हात ठेवून बसायचे. "मंग ऱ्हाऊ दे. त्यो आपला भागवत."

सावेडीतल्या त्या फ्लॅटच्या हॉलमध्ये कंप्युटर सदा चालू असायचा. विस्मरणाच्या आजारावर औषध शोधणारे शास्त्रज्ञ आपल्या डोंगराएवढ्या गणिताचे तुकडे करायचे आणि जगभरच्या घरांतल्या कंप्युटरना वाटून द्यायचे. ज्याला हौस असेल त्याने ते मुदतीत सोडवून परत पाठवायचे. मुदत टळली की तोच तुकडा दुसऱ्या कुणाला जायचा. रंभाजींची ही हौस नव्हती. तो आजार त्यांच्या घरातच शिरला होता.

भागिरथी विसरायला लागली होती.

आणि विसरणंही जगावेगळं. दूधवाल्याला काय सांगायचंय, कुठली गोळी जेवणाआधीची, सगळं चोख. पण लग्नातली साडी कुठल्या रंगाची होती विचारलं, की गप्प. लग्नानंतर राहात्याला कुणाच्या खोलीत बिऱ्हाड मांडलं, तेही आठवत नाही. "तुम्हीच सांगा," म्हणायची आणि हनुवटीला हात लावून असं ऐकत बसायची, जसा काही दुसऱ्याच कुणाचा संसार. 'अहो' म्हणायचंही ती विसरली होती, आणि त्याचं रंभाजींना फार वाईट वाटायचं. उद्या ही आपल्यालाही विसरणार, अशी भीती त्यांना वाटायची. त्याच्या आत औषध निघायला हवं होतं, आणि म्हणून कंप्युटर पळायला हवा होता.

तो कंप्युटर मात्र तिला बरा जमायचा. सातवी शिकलेली बाई खटाखट बटणं दाबायची. पुण्यात राहणाऱ्या आपल्या पोरीने, प्रज्ञाने, शिकवलं असणार, असं रंभाजी धरून चालले होते.

त्या दुपारी वायर काढून दोघांनी यंत्र खोललं. रंभाजींनी मऊ ब्रशने पंख्याची धूळ झाडली. भागिरथीने चिपची उष्णता ओढून घेणारी, आता सुकून खडखडीत झालेली पेस्ट पुसून काढली आणि नवी लावली, हरभऱ्याएवढी. रंभाजी त्या पेस्टवर पंखा बसवून त्याचे स्क्रू आवळू लागले. एक आवळला की त्याच्या समोरचा. पुढचा स्क्रू ती न विचारता त्यांच्या हातावर ठेवायची.

उडालेली धूळ भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीवर बसली, शेजारी रंभाजींच्या सासूबाईंचा हार घातलेला फोटो होता, त्याच्यावरही बसली. भागिरथी फडकं घेऊन उठली. सासूबाईंची काच तिने जरा जास्तच वेळ पुसली.

"तुझी आई," रंभाजी जपून म्हणाले. "येवढं तरी ध्यानात हाय न्हवं?"

"आहे," ती म्हणाली. "तिला कशी विसरेन?"

रंभाजींना केवढं बरं वाटलं. म्हणजे अजून फार उशीर झालेला नव्हता.

वायर लावून बटण दाबलं. पंखा फिरला आणि यंत्र गुणगुणू लागलं. थोड्या वेळाने भागिरथीने पडद्यावर बोट ठेवलं. तापमान चांगलंच खाली आलं होतं. हातातलं गणित मुदतीत पोचणार की नाही याची सकाळपासून धाकधूक होती, ते आता वेळेआधीच पोचणार होतं.

"पळतंय," रंभाजी म्हणाले. "लई झ्याक पळतंय. तू मला इसरायच्या आत घावंल बघ औषद."

भागिरथीने त्यांचा तेलकट हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "सापडेल. आणि मी नाही तुम्हाला विसरणार."

त्या हातांकडे बघता बघता रंभाजींना एकदम पोरीचा राग आला. आईची ही गत झाली, आणि एवढ्या जवळच्या पुण्याहून तिला यायला होत नव्हतं.

"पर्ज्ञाला फोन करतो," ते म्हणाले. "आई वळखती तवर येऊन जा म्हनावं. मागनं रडून काय उपेग?"

"कामात असेल ती."

"आसलं कसलं काम?"

भागिरथीने भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे एकदा बघितलं. "बरं, करा फोन," ती म्हणाली, आणि टेबलावरचा आपला मोबाईल उचलून चहा टाकायला आत गेली.

रंभाजींनी चष्मा लावला, पोरीच्या फोटोवर बोट दाबलं आणि फोन कानाला लावून, काय काय बोलायचं ते मनात जुळवत बसले. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांना भागिरथीची पाठ दिसत होती. तिने गॅस बारीक केला, बाहीने डोळे पुसले आणि हातात वाजणारा मोबाईल कानाला लावला.

"हां पप्पा, प्रज्ञा बोलतेय," ती म्हणाली. "आई कशी आहे?"