नववी पायरी

चाचणीचा नियम एकच होता. ज्याने लिहिलं, त्याने तोंड उघडायचं नाही.

विजयश्री ओठ मिटून भिंतीला टेकून उभी होती. महाळुंग्याच्या त्या रबर कारखान्यात तिचा आज पाचवा दिवस. आकुर्डीच्या कॉलेजात ती लेखन आणि तांत्रिक संवाद हा विषय घेऊन पदवी करत होती. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने एका यंत्राचं सूचनापत्रक लिहिलं होतं. ज्याने ते यंत्र कधी हाताळलं नाही, त्याला नुसतं वाचून चांगला माल काढता आला पाहिजे, अशी अट होती. म्हणून चार नंबरच्या प्रेससमोर, रबर साच्यात दाबणाऱ्या त्या यंत्रासमोर, पॅकिंगच्या रुक्मिणीबाईंना उभं केलं होतं. हातात कागद, नाकावर चष्मा. एकेक पायरी मोठ्याने वाचायची आणि तसं करायचं.

दोन पावलांवर उद्धवराव उभे होते. चार नंबर त्यांचा. चोवीस वर्षं त्यांचाच. बोलायची बंदी त्यांनाही होती, आणि आज ती त्यांना चांगलीच मानवली होती.

पोरगी आली त्या दिवसापासून त्यांच्या पोटात दुखत होतं. "लिहायला कॉलेज कशाला लागतंय?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "आमच्याकडं पहिलीत शिकवायचे." ती नुसती हसली. चिडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. कारखान्याच्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बसवलं, कपबशीतून चहा दिला. उद्धवरावांचा चहा चोवीस वर्षं कागदी पेल्यातून प्रेसवरच येत होता, आणि तोवर त्यांना त्यात काही कमी वाटलं नव्हतं. तिला कोरं हेल्मेट मिळालं. त्यांच्या हेल्मेटचा पट्टा सुतळीने बांधलेला. चार दिवस ती वही घेऊन त्यांच्या मागे उभी राहिली, आणि चौथ्या दिवशी साहेब चार नंबरबद्दल काहीबाही विचारू लागले. तिला. उद्धवराव शेजारीच उभे होते.

चार नंबरवर पातळ कडेचा रबरी वॉशर निघायचा. दुसऱ्या कुणी काढला की कड फाटायची. उद्धवरावांच्या हातून कधी फाटली नाही. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. साचा उघडला की ते पाठीचा आडोसा करायचे, हवेची नळी डाव्या कोपऱ्याला टेकवून एक फुंकर मारायचे, मनात पाचपर्यंत मोजायचे आणि मग वॉशर उचलायचे. एवढंच. पण या एवढ्यावरच ते उद्धवराव होते. पुतणीच्या हळदीला बीडकडे गेले, तर कंपनीतून सात फोन आले. आठव्याला ते हळदीच्या हातांनीच एसटीत बसले. बायको तो विषय अजून रागाने काढते. उद्धवरावही वर्षभर काढत होते, पण वेगळ्या सुरात.

परवा पोरीने विचारलंच होतं.

"काका, साचा उघडल्यावर तुम्ही पाठ करून जरा थांबता. तेव्हा काय करता?"

"घाम पुसतो."

"आणि मग लगेच काढायचा?"

"न्हाई तर काय, त्याची आरती करायची व्हय?"

तिने मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. त्या दिवशी उद्धवरावांना डबा गोड लागला.

"पायरी आठवी," रुक्मिणीबाई वाचत होत्या. "हिरवं बटण दाबून साचा उघडा."

साचा उघडला. गरम रबराचा वास आला. साहेब दोन पावलं पुढे सरकले. उद्धवरावांनी हात मागे बांधले. आता बाई वॉशर ओढणार, कड टर्रकन फाटणार, आणि पोरीचं ते कॉलेज सगळ्यांसमोर उघडं पडणार. हसू येऊ नये म्हणून त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

रुक्मिणीबाई थांबल्या. चष्मा सारखा केला. पुढची ओळ त्यांनी मनातच वाचली, मग पुन्हा एकदा वाचली.

"मोठ्याने वाचा बाई," साहेब म्हणाले.

"पायरी नववी. इथे थांबा. साच्याला हात लावू नका. उद्धवरावांना हाक मारा."

साहेबांनी विजयश्रीकडे पाहिलं. "हे काय लिहिलंय?"

नियम होता. तिने ओठांवर बोट ठेवलं. रुक्मिणीबाई मात्र कामाला पक्क्या. कागदात आहे ते करायचं, म्हणजे करायचं. "ओ उद्धवराव," त्यांनी हाक मारली. माणूस दोन पावलांवर होता, पण हाक पार गेटपर्यंत गेली.

उद्धवराव कागदाजवळ गेले. त्यांचं नाव छापलेलं होतं, स्वच्छ, मोठ्या अक्षरांत. हाच कागद उद्या प्लास्टिकमध्ये घालून प्रेसवर टांगला जाणार होता. पहिली पाळी, दुसरी पाळी, सगळे तो वाचणार होते. चोवीस वर्षांत कंपनीने त्यांचं नाव कुठे लावलं नव्हतं. पोरीने पाच दिवसांत लावलं.

त्यांनी हवेची नळी उचलली. या वेळी पाठ केली नाही. डाव्या कोपऱ्यात फुंकर मारली, पाचपर्यंत मोठ्याने मोजलं आणि बाजूला झाले. रुक्मिणीबाईंनी वॉशर उचलला. कड अख्खी होती.

मग उद्धवरावांनी कागद मागून घेतला, भिंतीशी उभ्या विजयश्रीकडे गेले आणि नवव्या पायरीवर बोट ठेवलं.

"हे खोड, पोरी," ते म्हणाले. "मी रजेवर असलो, तर बाईंनी कुणाला हाक मारायची?"