मानसशास्त्राची शिकवणी

शिरूर कासारात डॉक्टर करणारे क्लास पायलीचे पन्नास, पण शिवांजलीला बारावीचं मानसशास्त्र शिकवायला कुणी मिळेना. शेवटी आजी दानम्मा तिला घेऊन बीडला सत्यशीलाबाईंकडं गेली आणि सोयरीक जमवायला आल्यासारखी बाईंचं घराणं खोदून विचारू लागली. “येड्याचं शास्तर शिकून पोरगी येडी न्हाई ना व्हायची?” बाई हसल्या. “आजी, ऐकाच. शिवांजली, नैराश्याची लक्षणं सांग.” पुस्तक मिटून शिवांजली बोलू लागली. “झोप उडते, भूक मरते. वेणी घालायचंही जिवावर येतं. घरच्यांना वाटतं, नुसतं ढोंग चाललंय.” “पुस्तकात ढोंग लिहिलंय व्हय?” दानम्मा कडाडली. “न्हाई, आज्जी. ते तू आईला म्हणतीस.” दिवाळीपासून अंथरूण न सोडणाऱ्या सुनेला दानम्मानं सकाळीच तसं सुनावलं होतं. बाईंची नजर चुकवून ती म्हणाली, “शिकवणी उद्यापासून घ्या. आदी सांगा, सुनंला कुठं दाखवू?”